जेजुरी, भुलेश्वर, सासवड: पुण्याहून एका दिवसात

या फेरीचा क्रम ठरतो तो तळपायांवर. काळा दगड सकाळी दहानंतर तापायला लागतो आणि देवळात चपला चालत नाहीत. म्हणून उघड्यावरच्या पायऱ्या, म्हणजे जेजुरी, आधी. आत सावली असलेलं भुलेश्वर भर दुपारी. आणि घराच्या वाटेवरचं सासवड शेवटी. उलट्या क्रमाने गेलेले लोक दुपारी जेजुरीच्या पायऱ्यांवर उड्या मारताना दिसतात.

सकाळी सहाला निघा. हडपसर, दिवे घाट, सासवड असं करत जेजुरी साधारण ५० किलोमीटर. एसटीनेही जाता येतं, पण पुढे भुलेश्वरसाठी स्वतःचं वाहन हवंच. सोमवती अमावास्या, चंपाषष्ठी आणि रविवार टाळा. यात्राच बघायची असेल तर गोष्ट वेगळी, मग बाकीची दोन ठिकाणं सोडून द्या. आषाढी वारीत माउलींची पालखी याच रस्त्याने जाते, त्या दिवसांत घाट बंद असतो.

गडाला दोनेकशे पायऱ्या आहेत. दीपमाळांशी थांबत चढलात तरी अर्ध्या तासात वर. भंडारा अंगावर येणारच, तेव्हा जुने कपडे घाला आणि कॅमेरा पिशवीत ठेवा. डागाला लगेच साबण लावू नका: हळद साबणाने लाल होते आणि माणूस घाबरून आणखी घासत बसतो. आधी कोरडी झटका, गार पाण्यात धुवा, मग कडक उन्हात वाळत घाला. उरलेला पिवळेपणा ऊनच काढतं.

जेवण खाली गावातच उरका, कारण भुलेश्वराच्या डोंगरावर भरवशाची सोय नाही. पिठलं-भाकरी सांगताना भाकरी आत्ता थापणार का, एवढं विचारा. ताजीला पंधरा-वीस मिनिटं जास्त लागतील, पण थापून ठेवलेली भाकरी चिवट होते. थंडीत बाजरीची मागा, उन्हाळ्यात ज्वारीची. ठेचा आधी चिमूटभर घ्या. लागला तर ताक, पाणी नको.

माळशिरसच्या बाजूने भुलेश्वर गाठा. बाहेरून चुन्याचे घुमट दिसतात आणि ‘हेच का ते?’ असं वाटतं. आत शिरल्यावर अंधाऱ्या पायऱ्या, आणि मग यादवकाळातलं कोरीवकाम अंगावर येतं. बॅटरी न्याच, मोबाईलचा उजेड वरच्या पट्ट्यांपर्यंत पुरत नाही. बॅटरी समोरून न मारता बाजूने तिरकी धरा, म्हणजे झिजलेली नक्षीही उठून दिसते. स्त्रीरूपातला गणेश इथे आहे. बहुतेक जण खाली बघत पुढे जातात आणि तो चुकवतात, म्हणून प्रदक्षिणा घालताना नजर वर ठेवा. निदान दीड तास द्या. अंगणातल्या तापलेल्या फरशीसाठी जुने सुती मोजे खिशात असू द्यात.

चारच्या सुमारास सासवडकडे वळा. कऱ्हेकाठचं संगमेश्वर उतरत्या उन्हात बघायचं. वेळ उरला तर चांगावटेश्वरही जवळच आहे.

फळं मात्र परतताना घ्या. पुरंदरच्या अंजिराला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण पिकलं अंजीर दिवसभर गाडीत तापलं की आंबतं. बोटाने हलकं दाबल्यावर दबणारं, देठाशी चीक नसलेलं निवडा आणि एकाच थरात ठेवा. पावसाळ्यात गेलात तर सीताफळं असतील. डोळे उघडलेली, खवल्यांमधल्या रेषा पिवळसर झालेली घ्या. मिटल्या डोळ्यांचं कोवळं फळ घरी पिकत नाही, काळं पडतं. फ्रीजमध्ये ठेवायचं तर पिकल्यावरच.