रक्ताचा नमुना घ्यायला शिकताना

ठाणे आणि नवी मुंबईतल्या प्रयोगशाळांचा दिवस सकाळी लवकर सुरू होतो, कारण उपाशीपोटी रक्त देणाऱ्या बहुतेकांना पुढे कामावर जाण्याची गाडी गाठायची असते. डीएमएलटी (प्रयोगशाळा तंत्रज्ञानाची पदविका) करून नुकताच रुजू झालेला उमेदवार या घाईत अशी समजूत करून घेतो की सारे कौशल्य सुईच्या टोकाशी आहे. प्रत्यक्षात सुई शिरेत असते ती फार तर मिनिटभर, आणि अहवाल बिघडतो तो बहुतेक वेळा त्या मिनिटाच्या आधी किंवा नंतर.

सुरुवात नावापासून करावी. "तुम्ही पाटील ना?" असे कधीही विचारू नये, ऐरोली, घणसोली, कोपरखैरणे या गावठाणांत एका रांगेत चार पाटील आणि तीन म्हात्रे बसलेले असतात, आणि कमी ऐकू येणारी आजी कोणत्याही नावाला मान डोलावते. "आजी, तुमचं पूर्ण नाव आणि वय सांगा," असे म्हणून तिच्याकडूनच उत्तर घ्यावे आणि ते चिठ्ठीशी ताडून पाहावे. त्यानंतर शेवटचे कधी खाल्ले, रक्त पातळ होण्याची गोळी चालू आहे का, पूर्वी रक्त देताना चक्कर आली होती का, एवढे विचारून घ्यावे. स्तनाची शस्त्रक्रिया झालेल्या बाजूचा हात, डायलिसिससाठी फिस्टुला (शस्त्रक्रियेने शीर आणि धमनी यांची जोडणी) केलेला हात आणि सलाइन चालू असलेला हात टाळावा. रुग्णाला उभे ठेवून सुई टोचू नये, हे सांगायची गरज पडू नये; पण कारखान्यांतल्या तपासणी शिबिरांत खुर्च्या कमी पडल्या की मी हेही पाहिले आहे.

शीर डोळ्यांनी नव्हे, बोटाने शोधायची असते. कोपराच्या खळगीत मधोमध असलेली मिडियन क्युबिटल ही पहिली पसंती. ती बऱ्यापैकी स्थिर असते आणि तिथे दुखतेही कमी. बाहेरच्या बाजूची सेफॅलिक ही दुसरी. आतल्या बाजूची बॅसिलिक ठळक दिसली तरी शेवटी ठेवावी, कारण तिच्याजवळून धमनी आणि मज्जातंतू जातात. तर्जनीच्या टोकाने हलके दाबल्यावर शीर स्पंजासारखी खाली जाऊन पुन्हा वर येते, कंडरा (स्नायू हाडाला जोडणारा पट्टा) दोरीसारखी कडक लागते आणि धमनी ठोके देते. अंगठा वापरू नये. त्यात आपलीच नाडी लागते. सुई हातात घेण्यापूर्वी निदान आठवडाभर सहकाऱ्यांच्या हातांवर डोळे मिटून हा सराव करावा, असे मी प्रत्येक नव्या उमेदवाराला सांगतो. वाशीच्या बाजार समितीत ओझी वाहणाऱ्या माथाडी कामगाराची शीर करंगळीएवढी दिसते, म्हणून नवशिका निर्धास्त होतो, आणि नेमकी तीच सुईखालून सरकते. तिथे खालची त्वचा अंगठ्याने ताणून धरणे अधिक महत्त्वाचे ठरते. उलट स्थूल व्यक्तीच्या हातावर काहीच दिसत नाही, तरी बोटाला खोलवर चांगली शीर लागते.

टूर्निकेट, म्हणजे दंडाला आवळायचा पट्टा, खळगीच्या सात ते दहा सेंटिमीटर वर बांधावा आणि एका मिनिटापेक्षा जास्त ठेवू नये. शीर शोधण्यात वेळ गेला तर सोडून दोन मिनिटांनी पुन्हा बांधावा, कारण जास्त वेळ आवळलेल्या हातातले रक्त दाट होते आणि प्रथिनांपासून पेशींपर्यंतचे आकडे वाढलेले दिसतात. मूठ वारंवार उघडमीट करायला सांगण्याची आपल्याकडची सवय तर सोडूनच द्यावी. तिने पोटॅशियम खोटे वाढते. ७० टक्के अल्कोहोलने जागा पुसून ती ३० सेकंद आपोआप सुकू द्यावी. फुंकर मारू नये आणि पुसलेल्या जागेला पुन्हा बोट लावू नये.

नेहमीच्या हातासाठी २१ किंवा २२ गेजची सुई (गेजचा आकडा जितका मोठा तितकी सुई बारीक), नाजूक शिरेसाठी २३ गेजची बटरफ्लाय, म्हणजे पंख आणि लवचिक नळी जोडलेली सुई, घ्यावी. सुईचे तिरके तोंड वर ठेवून १५ ते ३० अंशांच्या कोनात एका सलग हालचालीत आत जावे. वीज गेल्यासारखी कळ हातात उतरली असे रुग्णाने म्हटले तर क्षणही न दवडता सुई काढावी. दोनदा टोचूनही रक्त आले नाही तर ज्येष्ठ सहकाऱ्याला बोलवावे. त्यात कमीपणा नाही.

ट्यूबचा क्रम पाठ असलाच पाहिजे. त्यांचा रंग म्हणजे टोपणाचा रंग, आणि पुढचे नाव आतल्या रसायनाचे. कल्चरच्या (रक्तात जंतू वाढतात का ते पाहण्याच्या) बाटल्या असतील तर त्या सर्वांत आधी, मग फिकट निळी सायट्रेट, मग लाल किंवा पिवळी, मग हिरवी हेपॅरिन, मग जांभळी ईडीटीए आणि शेवटी करडी फ्लोराइड. जांभळीतले ईडीटीए पोटॅशियमयुक्त असते. त्याचा थोडासा अंश जरी पुढच्या लाल ट्यूबमध्ये गेला तरी पोटॅशियम वाढलेले आणि कॅल्शियम घटलेले येते, आणि धडधाकट माणसाला तातडीने दवाखान्यात धाव घ्यावी लागते. निळी ट्यूब खुणेपर्यंत भरलीच पाहिजे, कारण तिच्यात नऊ भाग रक्ताला एक भाग सायट्रेट असे प्रमाण ठरलेले आहे; बटरफ्लाय वापरत असल्यास नळीतली हवा जाण्यासाठी आधी एक ट्यूब वाया घालवावी. भरलेली ट्यूब हलकेच उलटसुलट करावी, निळी तीन-चार वेळा आणि जांभळी आठ-दहा वेळा. जोरात हलवल्यास पेशी फुटतात. पावसाळ्यात डेंग्यूच्या संशयाने प्लेटलेट मोजायला आलेल्या नमुन्यात नीट न मिसळल्याने गुठळी झाली, तर आकडा खोटा कमी येतो आणि घरचे लोक उगाच हवालदिल होतात.

सुई काढण्याआधी टूर्निकेट सोडावा. क्रम चुकला की शीर काळीनिळी होते. नंतर हात कोपरात दुमडायला न सांगता सरळ ठेवून कापसाने दाबून धरावा. ट्यूबवर नावाची चिठ्ठी रुग्णासमोरच, रक्त भरल्यानंतर चिकटवावी. आधीच नावे लावून ठेवलेल्या ट्यूबच अदलाबदलीला कारण होतात.

सुईला पुन्हा टोपण घालू नये. सुया पांढऱ्या, भोक न पडणाऱ्या डब्यात, हातमोजे आणि सिरिंजचे प्लास्टिक लाल पिशवीत, रक्ताळलेला कापूस पिवळ्या पिशवीत, ही २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांची विभागणी आहे. कामाला लागण्यापूर्वी हिपॅटायटिस बी लशीचे तिन्ही डोस पूर्ण करून घ्यावेत. सुई टोचलीच तर जखम न पिळता साबण-पाण्याने धुवावी आणि लगेच वरिष्ठांना कळवावे. एचआयव्ही प्रतिबंधक औषध शक्यतो दोन तासांत आणि ७२ तासांच्या आत सुरू व्हावे लागते. रागावतील या भीतीने गोष्ट लपवणारे मी पाहिले आहेत, आणि त्या भीतीला शिकवणारेही जबाबदार असतात.

घरी जाऊन नमुना घेणाऱ्यांनी परतीचा प्रवासही कामाचाच भाग समजावा. ट्रान्सहार्बर गाडीच्या गर्दीत किंवा घोडबंदर रस्त्याच्या खड्ड्यांतून दुचाकीवर पिशवी आपटत आणली तर पेशी फुटतात. म्हणून ट्यूब उभ्या राहतील असा रॅक थंड डब्यात ठेवावा, आणि बर्फाच्या पुड्या ट्यूबना थेट लागू देऊ नयेत. साखरेचा नमुना साध्या ट्यूबमध्ये राहिला तर पेशी साखर खात राहतात आणि आकडा तासागणिक उतरतो, म्हणून त्यासाठी करडी ट्यूबच हवी. प्रयोगशाळेत नमुना सोपवताना तो पोहोचल्याची नव्हे, तर रक्त काढल्याची वेळ नोंदवहीत लिहावी.