झडतीसाठी पोलीस दारात आले तर

कौटुंबिक बाबींत गोव्यात पोर्तुगीजकालीन दिवाणी संहितेचा वारसा अजून टिकून असला, तरी फौजदारी प्रक्रियेत गोव्याला वेगळा नियम नाही. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी १ जुलै २०२४ पासून आलेली भारतीय नागरिक सुरक्षा संहिताच पेडण्यापासून काणकोणपर्यंत लागू आहे.

पोलीस आले की झडती वॉरंटवर आहे की वॉरंटशिवाय, हे प्रथम शांतपणे विचारावे. वॉरंट असल्यास ते दाखवण्यास सांगून त्यावरील पत्ता व न्यायालयाचा शिक्का पाहावा आणि दार उघडावे. अडवणूक केल्यास दार तोडून आत शिरण्याचा अधिकार पोलिसांना आहे. वॉरंट नाही म्हणजे झडती बेकायदा, असा मात्र समज करून घेऊ नये. तपास चालू असताना हवी असलेली वस्तू विलंबाविना अन्य मार्गाने मिळणार नाही असे सबळ कारणांवरून वाटल्यास, ती कारणे लेखी नोंदवून कलम १८५ खाली वॉरंटशिवाय झडती घेता येते. या नोंदींच्या प्रती ४८ तासांच्या आत जवळच्या दंडाधिकाऱ्यांकडे पाठवाव्या लागतात आणि अर्ज केल्यास घरमालकाला त्या तेथून विनामूल्य मिळतात. हा अर्ज फारच थोडे लोक करतात, वास्तविक पुढे वकिलाला सर्वांत उपयोगी पडणारा कागद बहुधा तोच असतो.

झडतीचा खरा कणा म्हणजे पंचनामा. कलम १०३ नुसार झडतीपूर्वी त्या भागातील दोन किंवा अधिक स्वतंत्र व प्रतिष्ठित रहिवाशांना पंच म्हणून बोलवावे लागते. वाड्यावरचे लोक कोर्टाच्या खेपा नकोत म्हणून मागे सरतात, परंतु न्यायालयाने खास समन्स काढल्याशिवाय पंचाला साक्षीला जावे लागत नाही, आणि लेखी आदेश मिळूनही सबळ कारणाशिवाय पंच होण्यास नकार देणे हा गुन्हा ठरतो. शेजारी मागे सरल्यामुळेच तेच ते ठरलेले पंच प्रकरणामागून प्रकरणात दिसू लागतात आणि ते स्वतंत्र नाहीत, असा बचाव पक्षाला आयता मुद्दा मिळतो.

घरात राहणाऱ्याला किंवा त्याच्या वतीने कोणाला तरी झडतीच्या वेळी हजर राहू द्यावेच लागते. खोली भाड्याने दिलेल्या भाटकाराने म्हणूनच भाडेकरूला किंवा त्याच्या माणसाला बोलावण्याचा आग्रह धरावा. स्त्रीची अंगझडती स्त्रीनेच आणि शालीनता राखून घ्यावयाची असते. कलम १०५ नुसार झडती व जप्तीचे दृकश्राव्य चित्रीकरण आता आवश्यक आहे. ते सुरू झाले का, हे विचारण्यात काहीही वावगे नाही.

पंचनाम्याची प्रत मागून घ्यावी आणि ती शब्दशः वाचावी. ‘कपाटात सापडले’ एवढे पुरेसे नाही. ‘मागच्या खोलीतील लोखंडी कपाटाच्या वरच्या खणात’ असे नेमके स्थळ असावे. दागिन्याची नोंद ‘पिवळ्या धातूची साखळी’ अशी झाली, तर त्यात खोट काढू नये, कारण कस लागेपर्यंत सोने म्हणणे पोलिसांनाही धोक्याचे असते. वजन आणि नगसंख्या मात्र पडताळावी. फोन जप्त झाल्यास त्याचा आयएमईआय क्रमांक, म्हणजे त्या फोनची ओळख पटवणारा क्रमांक, नोंदलेला असावा. प्रत घेतल्याची सही मागितली तर ‘प्रत मिळाली’ असे लिहून तारीख व वेळ घालावी. पोलिसांनी तपासात लिहून घेतलेल्या जबानीवर मात्र सही घेता येत नाही, असे कलम १८१ सांगते. या दोन सह्यांमध्ये गल्लत करू नये.

अमली पदार्थांच्या प्रकरणात १९८५ च्या स्वतंत्र कायद्याचे कलम ५० महत्त्वाचे ठरते. अंगझडतीपूर्वी राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकाऱ्यांपुढे झडती देण्याचा हक्क संशयिताला सांगावा लागतो. हा हक्क अंगाच्या झडतीपुरताच आहे. हातातील पिशवीला तो लागू नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये स्पष्ट केले.

झडतीत त्रुटी राहिली म्हणून सापडलेला पुरावा आपोआप बाद होत नाही, हेही ठरलेले आहे. म्हणून दारात वाद घालण्यापेक्षा हरकत लेखी नोंदवावी, आणि जप्त झालेली स्कूटर किंवा फोन तात्पुरता परत हवा असल्यास पंचनाम्याची प्रत जोडून संबंधित दंडाधिकाऱ्यांच्या न्यायालयात अर्ज करावा.