आधी लाल पेन घ्या

डिचोलीला आमच्या पडवीत टीवायच्या मुली अ‍ॅपॉप्टोसिस (पेशीचं ठरवून, शिस्तीत मरणं) शिकायला बसतात, तेव्हा मी आधी त्यांचं निळं पेन काढून घेते. सगळ्यांना बाण काढायची घाई. इथे खरं काम लाल पेनाने काढायच्या बोथट टोकाच्या रेघेचं, म्हणजे ‘थांब’ या खुणेचं.

कागद आडवा धरा आणि शेवटापासून सुरुवात करा. उजव्या कडेला कॅस्पेस-३ हे कापणारं प्रथिन लिहा. ते पेशीत आधीपासून असतं, पण निजलेलं. कापलं गेलं की जागं होतं आणि मग स्वतः इतर प्रथिनं कापत सुटतं.

मधोमध मायटोकॉन्ड्रिया काढा, चांगली मोठी. बाहेरच्या पटलावर बॅक्स हे प्रथिन लिहा आणि त्याला अडवणारं दुसरं प्रथिन, बीसीएल-२. ही पहिली लाल रेघ. अडवणूक सुटली की बॅक्स पटलाला भोकं पाडतं आणि आतलं सायटोक्रोम सी हे प्रथिन बाहेर पडतं. (“श्वसनातलंच ना हे?” दरवर्षी कुणीतरी विचारतं. हो, तेच.) बाहेर ते अ‍ॅपाफ-१ या प्रथिनाला चिकटतं, सात अ‍ॅपाफचं चाक जमतं, चाकावर कॅस्पेस-९ जागं होतं आणि ते कॅस्पेस-३ ला कापतं.

आता पी५३ हे प्रथिन. डीएनए बिघडला की ते ‘प्यूमा’ नावाचं प्रथिन वाढवतं आणि प्यूमा बीसीएल-२ ला धरून ठेवतं. अडवणाऱ्यालाच अडवलं: दोन लाल रेघा लागोपाठ, म्हणजे वाट मोकळी. मी परीक्षेत पी५३ पासून थेट कॅस्पेसला बाण काढला होता. दोन गुण गेले, अजून सलतात.

बाहेरून येणारा निरोप सोपा आहे: पेशीच्या पटलावरचा फास रिसेप्टर, त्याला आतून जोडणारं फॅड हे प्रथिन, कॅस्पेस-८, कॅस्पेस-३. एका ओळीत संपवा.

आणि जुलैत शेताच्या मेरेकडे साचलेलं पाणी बघून या. थायरॉइड संप्रेरकाच्या हुकमाने बेडकाच्या पिल्लाची शेपटी रोज थोडी आखूड होते. कुठे पू नाही, जखम नाही. मरणारी पेशी पटलाच्या आतल्या बाजूचं फॉस्फॅटिडिलसेरीन हे मेद बाहेर दाखवते आणि भक्षक पेशी तिला गिळून टाकतात. कागदाच्या कोपऱ्यात तेवढं लिहाच.

आकृती झाली की बीसीएल-२ वर बोट ठेवून झाका आणि पुढे काय होईल ते मोठ्याने सांगा. मग उलट करा: बीसीएल-२ भरमसाट आहे असं समजा. फॉलिक्युलर लिम्फोमा या पांढऱ्या पेशींच्या कर्करोगात बहुतेकदा १४ आणि १८ क्रमांकांच्या गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल होऊन हेच घडतं, पेशी मरायचं नाव घेत नाहीत. व्हेनेटोक्लॅक्स हे कर्करोगावरचं औषध बीसीएल-२ ला जाऊन चिकटतं. त्याची रेघ कुठल्या पेनाने काढाल?