सी भाषेत पहिलं फंक्शन लिहिताना

दोन विषयांच्या गुणांची सरासरी काढणारं फंक्शन लिहून बघा. आधी उत्तराचा प्रकार (डबल, म्हणजे दशांश संख्या), मग फंक्शनचं नाव, मग कंसात दोन पॅरामीटर, म्हणजे फंक्शनला मिळणाऱ्या मूल्यांची नावं. दोन्हींच्या आधी इंट (पूर्णांक) वेगवेगळं लिहा. व्हेरिएबलसारखं एकदाच लिहून स्वल्पविराम दिलेला इथे चालत नाही.

महिरपी कंसात एकच ओळ: रिटर्न, पुढे कंसात बेरीज, भागिले 2.0. इथे नुसतं 2 लिहिलंत तर 75 आणि 80 ची सरासरी 77.5 ऐवजी 77 येते. उत्तराचा प्रकार डबल असूनही! कारण भागाकार आधी होतो, आणि दोन्हीकडे इंट असला की अपूर्णांक तिथेच गळतो.

फंक्शन बोलावताना प्रकार लिहायचे नाहीत. नाव आणि कंसात दोन आकडे, बस्स. उत्तर छापताना प्रिंटएफमध्ये टक्का-एफ वापरा, टक्का-डी नाही.

फंक्शन मेनच्या (प्रोग्राम जिथून सुरू होतो त्या फंक्शनच्या) खाली असेल तर वर प्रोटोटाइप हवाच, म्हणजे तीच पहिली ओळ आणि शेवटी अर्धविराम. मात्र खाली, प्रत्यक्ष फंक्शनच्या पहिल्या ओळीवर अर्धविराम पडला, तर कंपायलर पुढच्या महिरपी कंसापाशी तक्रार करतो. चूक एक ओळ वर असते.

नवशिके सर्वांत जास्त अडखळतात ते इथे: फंक्शनला मूल्याची प्रत मिळते. आत पॅरामीटर बदलला तरी मेनमधलं व्हेरिएबल जसंच्या तसं राहतं. ते बदलायचं असेल तर त्याचा पत्ता (मेमरीतली जागा) पाठवावा लागतो. स्कॅनएफमध्ये इंट वाचताना नावाआधी & लावतात, ते याचसाठी.