घरी चारचौघांत ‘सेव्हन सामुराई’ कसा पाहावा

पुण्यात ऐतिहासिक सिनेमा चार जणांनी मिळून पाहिला की गप्पांची गाडी हमखास एकाच ठिकाणी अडते: ‘असं घडलंच नव्हतं!’ पगडी चुकली, सनावळी चुकली, सिनेमा राहिला बाजूला. म्हणून पहिल्या बैठकीला असा इतिहास निवडा, ज्यातलं कोणालाच फारसं ठाऊक नाही. अकिरा कुरोसावा यांचा ‘सेव्हन सामुराई’ (१९५४) मला यासाठी सगळ्यात सोयीचा वाटतो. सोळाव्या शतकातला जपान, दरोडेखोरांनी गांजलेलं गाव आणि पोटभर भाताच्या बोलीवर त्याच्या रक्षणाला आलेले सात लढवय्ये.

माणसं पाच-सहा पुरेत. त्याहून जास्त झाली की दोघंच बोलतात आणि बाकीचे मोबाइल काढतात. सोसायटीच्या हॉलमध्ये खुला कार्यक्रम करायचा असेल, तर मात्र प्रदर्शनाची रीतसर परवानगी आधी घ्यावी लागते.

सिनेमा २०७ मिनिटांचा आहे. रविवारी चारला सुरू करा. मध्यंतर सिनेमातच आहे, तिथे थांबून चहा-पोहे उरका. चर्चा तेव्हा नको. इंग्रजी सबटायटल सगळ्यांना भराभर वाचता येतात असं नाही, म्हणून अक्षरं मोठी करा आणि निम्मी गोष्ट आधी मराठीत सांगून टाका. पडदेही ओढून घ्या. चित्र कृष्णधवल आहे, शेवटची लढाई पावसाचिखलात आहे. टीव्हीवर खिडकीचा उजेड पडला तर कोण कोणाला मारतंय ते कळत नाही.

आता महत्त्वाचं: सुरू करण्याआधी कामं वाटा. सामुरायांचा म्होरक्या काम्बेई ४० दरोडेखोरांसाठी कागदावर गोल काढतो आणि मेलेल्यांवर काट मारत जातो. एकाने त्या कागदाकडे लक्ष ठेवावं. दरोडेखोरांकडे तीन बंदुका आहेत, त्या दुसऱ्याकडे. तिसऱ्याने फक्त गावकऱ्यांचे चेहरे पाहावेत. कॅमेऱ्यावर बोलणारा वेगळा नेमायची गरज नाही. प्रभातच्या स्टुडिओच्या जागी फिल्म इन्स्टिट्यूट असलेल्या गावात तो आपणहून बोलतो.

संपल्यावर ‘कसा वाटला?’ असं विचारू नका. ‘छान’ किंवा ‘लांबला’, यापलीकडे उत्तर येत नाही. त्याऐवजी एक प्रसंग पुन्हा लावा. सातांपैकीच एक असलेला किकुचियो गावात लपवलेली चिलखतं शोधून आणतो. ती पळत्या सामुरायांना मारून लुटलेली आहेत, हे ओळखून बाकीचे संतापतात. त्यावर तो उसळतो: शेतकरी लबाड आहेत, कंजूष आहेत, पण त्यांना असं केलं कोणी? तुम्हीच! ऐकता ऐकता काम्बेईचे डोळे भरून येतात. इथे थांबवा आणि विचारा, तुम्ही त्या सहा जणांत असता तर गाव सोडून गेला असता का? मग पुलापलीकडची तीन घरं वाचवायची नाहीत, हा काम्बेईचा निर्णय चर्चेला घ्या. गनिमी काव्याचा विषय इथे निघणारच. निघू द्या, फक्त दहा मिनिटांत परत जपानात या.

बंदुकांवर नजर ठेवणाऱ्याला सगळ्यात शेवटी बोलायला द्या. सातांपैकी चौघं मरतात आणि चौघंही गोळीनेच. तलवारीने एकही नाही. (यजमानाने हे आधी फोडू नये.) तलवारबाजीत अव्वल असलेला क्युझोसुद्धा त्यातून सुटत नाही. दिग्दर्शकाने असं का केलं असेल, एवढंच विचारा आणि पानं वाढायला घ्या.