आगोटीच्या आधी जुन्या कपड्यांची पायपुसणी आणि पिशव्या शिवून घ्या

मसाला कुटून झाला, सुकी मच्छी डब्यात गेली, लाकडं पडवीत रचली, तरी आगोटीचं, म्हणजे पाऊस लागायच्या आधीच्या तयारीचं, एक काम हमखास राहतं ते म्हणजे पायपुसणी. मृग लागला की अंगणातला तांबडा चिखल घरात येणारच, त्याला दारातच अडवायला निदान चार-पाच तरी हवीत, आणि विकत कशाला आणायची, विरलेल्या चादरी, गाऊन, पंचे कपाटात पडलेले असतातच की.

आधी कापड तपासा. उजेडात धरायचं, जिथून पलीकडचं दिसतं तो भाग गेला समजा. मग दोन्ही अंगठे जवळ धरून ताणायचं, चर्रकन आवाज आला तर तेवढा तुकडा ओटा पुसायला. साडीचा बसण्याचा भाग आणि खाली घासणारा काठ आधी जातो, पदर सहसा दणकट असतो. कॉटन की टेरिकॉट (पॉलिस्टर मिसळलेलं) ते कळत नसेल तर दोन-चार दोरे काढून सांडशीत धरा नि पेटवा, खाली पाण्याचं भांडं ठेवूनच. कॉटनची राख होते, पॉलिस्टर वितळून त्याची कडक गोळी होते. पायपुसण्याला कॉटनच पाहिजे, टेरिकॉट पाणी पीत नाही, नुसतं पसरवतं. गॅसवरून पातेलं उतरवायच्या फडक्यात तर पॉलिस्टर अजिबात नको, वितळून हाताला चिकटेल.

आता पायपुसणं. २४ बाय १६ इंचाचे तीन तुकडे कापा, वर-खाली चादर आणि मध्ये पंचा, बस्स. व्हिडिओ बघून लोक आत चिंध्या भरून गुबगुबीत करतात, दिसतं मस्त, पण आपल्याकडे जुलैत ते धुतलं की दिवसेंदिवस वाळत नाही, मग कुबट वास आणि काळी बुरशी. म्हणून पावसाळ्यात पातळच बरं, आणि जीन्सचं तर नकोच.

थर सपाट पसरा, मधून कडेकडे हात फिरवून सुरकुत्या काढा आणि मोठमोठे कच्चे टाके घाला. मशीनचा पाय वरचा थर पुढे ढकलत जातो, त्यामुळे कच्चे टाके टाळले तर शेवटी एका बाजूला कापड गोळा होतं. पहिली शिवण बरोबर मधून, मग तिच्या दोन्ही बाजूंना अंगठाभर अंतरावर एकेक. १६ नंबरची सुई चालते, मशीन नसेल तर गोधडीसारखा धावदोरा घाला. कडेला साडीच्या न झिजलेल्या काठाची पट्टी दुमडून लावा, कोपऱ्यात नाडीचा एक फास शिवा म्हणजे चुलीवरच्या दांडीला अडकवून वाळवता येतं. कच्चे टाके शेवटी उसवून टाका.

जीन्सची पिशवी करा. गुडघ्याखालचा नळा कापून उलटा करायचा, खालून दोनदा शिवायचं, तोंड दुमडून घ्यायचं, बंद म्हणून कमरेची पट्टी. सुई १८ नंबर, आणि जाड शिवणीवर चाक हातानेच फिरवा, नाहीतर सुई तुटलीच म्हणून समजा. दोन नारळ आरामात मावतात.

मासळीला मात्र ही नेऊ नका, वास जाता जात नाही. त्यासाठी मोडकी छत्री बेस्ट, कपडा नसला म्हणून काय झालं! काड्यांवरचे टाके उसवून कापड सोडवा, मधलं टोकाचं भोक वगळून अर्ध्या छत्रीतून मोठा आयत काढा, दुमडून दोन्ही बाजू शिवा, उरलेल्या कापडाचे चार पदरी बंद करा. सुई ११ नंबरची बारीक घ्या, जाड सुईची भोकं तशीच राहतात. शिवण आत दुमडून परत एकदा मारा, तरी थेंब-थेंब गळेल, बांगडे-बिंगडे असतील तर आत डबा ठेवा. घरी आलं की उलटी करून साबणाने धुवायची आणि झटकून टांगायची, भर पावसातही दुसऱ्या दिवशीच्या बाजाराला तयार असते.