विमानांचं बोलणं ऐकायला स्वस्त हँडहेल्ड स्कॅनर कसा पारखावा

आधी मोड बघा, म्हणजे हा रेडिओ रिसीव्हर एएम पकडतो की फक्त एफएम. विमानांचं बोलणं ११८ ते १३७ मेगाहर्ट्झवर एएममध्ये चालतं. फक्त एफएम असलेला सेट कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नका. युरोपात ऐकायचं असेल तर ८.३३ किलोहर्ट्झची स्टेपही (दोन चॅनेलांमधलं अंतर) हवी.

चाचणीला विमानतळाचं एटीआयएस (हवामान आणि धावपट्टीची माहिती देणारं ध्वनिमुद्रित प्रसारण) उत्तम, कारण ते सतत चालू असतं. स्क्वेल्च (सिग्नल नसताना खरखर बंद करणारं नियंत्रण) पूर्ण उघडा, मग खरखर थांबेपर्यंतच हळूहळू चढवा. जास्त चढवलात तर दूरचं विमान कापलं जातं.

मधेच गाणी घुसली तर जवळच्या एफएम केंद्राचा जोरदार सिग्नल रिसीव्हरला ओव्हरलोड करतोय. एफएम नॉच फिल्टर (एफएम केंद्रांचा सिग्नल अडवणारा) लावा. सोबतचा आखूड अँटेना बहुधा कच्चा असतो. सुमारे ५८ सेंटिमीटरचा टेलिस्कोपिक (ओढून लांब करता येणारा) अँटेना उभा धरा, फरक लगेच कळेल. विमानतळाचा नियंत्रण टॉवर ऐकू येत नाही पण विमानं येतात, हा दोष सेटचा नाही: जमिनीवरचा सिग्नल इमारती अडवतात. ऐकण्याबाबतचा स्थानिक कायदा मात्र खरेदीआधीच तपासा.